एक चाचणी बाकी

स्कॅनर मी घेतला तो गाडी विकण्यासाठी. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता, आणि स्वारगेटकडच्या जुन्या गाड्या घेणाऱ्या दलालाने फोनवरच सांगितलं होतं, "आधी दिवा विझवा मॅडम, मग मला बोलवा. दिवा लागलेल्या गाडीला मी लांबूनच नमस्कार करतो."

नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे जाता आलं असतं. पण तो नवऱ्याचा माणूस. त्याने पहिला प्रश्न विचारला असता, "साहेबांना विचारलंत का?" आणि मी विचारलेलं नव्हतं.

नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तो गणपती विसर्जनानंतर दुसऱ्या आठवड्यात. उजवा हात गेला, उजवा पाय काठीच्या भरवशावर आला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. बातम्या ऐकतात, हिशेब कळतो, भाजीत मीठ कमी पडलं तर ताट इंचभर पुढे सरकवतात. बोलायला मात्र 'अगं', 'चल', 'नको' एवढेच शब्द उरले, आणि एक शिवी, जी ते पूर्वी फक्त चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये द्यायचे. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, रोजच्या वापरातले शब्द कधीकधी शिल्लक राहतात. म्हणजे आमच्या संसारात रोजच्या वापरात काय होतं ते मला कळलं.

गाडी त्यांची. हिंजवडीच्या एका कंपनीत ते इमारतींची वीज आणि लिफ्ट सांभाळायचे आणि कंपनीची बस दारात येत असताना वर्षानुवर्षं स्वतःची गाडी नेत आले. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर सायकल चालवली, घरात पहिली गाडी यांनी आणली. तिला दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत. मी स्कूटरवाली. एका छापखान्यात उत्पादन विभाग सांभाळते, तिथे आणि मंडईत स्कूटरच बरी. गाडीचं लायसन्स माझ्याकडे आहे, पण मी चालवायला बसले की शेजारून सुरू व्हायचं, "अगं क्लच! अगं, पाय काढ क्लचवरून!" मग मी चालवणंच सोडलं.

झटक्यानंतर गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली. व्यायामाच्या डॉक्टरांकडे आम्ही रिक्षाने जायचो. बेंगळुरूला असलेली मुलगी फोनवर म्हणाली, "आई, प्रॅक्टिकली बघ ना. बाबा आता ड्राइव्ह करणार नाहीत. यूज होत नाही तर सेल करून टाक."

"तू सांग त्यांना," मी म्हटलं.

"मी? फोनवर? तू सांग ना."

सांगितलं कुणीच नाही. डॉक्टरांनी "बघू या, प्रगती चांगली आहे" म्हणून सोडून दिलं, नातेवाईक येत आणि "हां हां म्हणता चालवायला लागाल" म्हणून चहा पिऊन जात. गाडी विकली की ते पुन्हा चालवणार नाहीत, हे घरात पहिल्यांदा उघड होणार होतं. ते तोंडाने सांगण्यापेक्षा गाडी नेणारा माणूस दारात उभा करणं सोपं, असा माझा विचार होता. चांगला होता असं म्हणत नाही. होता.

त्या दिवसांत मला फारसं काही वाटत नव्हतं. दुःख म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. दातवाल्याने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो ना, तसं. जेवता येतं, बोलता येतं, कामं होतात. फक्त चावलं गेलं तरी कळत नाही.

गाडीतला बिघाड वाचणारा हा स्कॅनर आला तो काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, प्लास्टिकचा. त्याचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असतं. ते शोधायला मी गाडीचं दार उघडून जमिनीवर उकिडवी बसले आणि मोबाइलची बॅटरी लावून आत डोकं घातलं. जवळून जाणाऱ्या दोघातिघांनी "काही हरवलं का?" असं विचारलं. सापडलं सॉकेट. डबी त्यात दाबली, चावी फिरवली, मोबाइलवर ॲप उघडलं. थोडा वेळ काही नाही. मग पडद्यावर घड्याळासारख्या गोल तबकड्या आल्या: इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, बॅटरी. काटे हलायला लागले. छापखान्यात यंत्राच्या अंगावरच असे काटे असतात, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. उलट इतकी वर्षं ही गाडी एवढं सगळं जाणून होती आणि आम्हाला फक्त एक पिवळा दिवा दाखवत होती, हा आगाऊपणा वाटला.

बिघाडाचा कोड एकच होता. अर्थ साधा: इंजिनात हवा जास्त जातेय, पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे कुठून तरी चोरून हवा शिरत होती.

बॉनेट उघडलं. चौथ्या मजल्यावरचे काका कुंड्यांना पाणी घालायचं सोडून खाली आले. ते निवृत्त आहेत, सोसायटीत कुठलंही बॉनेट उघडलं की येतात.

एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा मी स्क्रूड्रायव्हरने उचकटल्या आणि झाकण काढलं. आत झेंडू. वाळून तपकिरी झालेल्या पाकळ्या, दोऱ्याचे तुकडे, आंब्याच्या पानांचा चुरा आणि मध्ये उंदराने केलेला वाटीएवढा खळगा. डब्यामागची बोटाएवढी रबरी नळी कुरतडून चाळण झालेली. हवा तिथूनच शिरत होती.

"हा झेंडू कुठून आला?" मी विचारलं. आमच्या घरात गाडीची पूजा होत नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून घरात बुद्धवंदना, दुसरं काही नाही. दसऱ्याच्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. त्या वर्षी हॉस्पिटलात होतो.

काका जरा मागे सरकले. "वहिनी, रागवू नका. दसऱ्याला मी सगळ्या गाड्यांना हार घालतो. तुमच्या गाडीला एरवी नाही घालत, मला माहीत आहे तुमच्यात नसतं ते. पण साहेब तिकडे आयसीयूत, गाडी इथे एकटी. म्हटलं, एक हार घालू. बरे व्हावेत म्हणून."

"आणि नंतर काढायचा कुणी?"

"ते राहिलं." मग खळग्याकडे बघून म्हणाले, "तसा गणपतीचाच उंदीर म्हणायचा."

"मग नळीची भरपाई गणपतीकडून आणून द्या."

काका हसले. मी नाही हसले, पण रागही आला नाही. घरटं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. नळीचा तुकडा कापून खिशात घातला, दुसऱ्या दिवशी नाना पेठेत जाऊन तशीच नळी आणि नवा फिल्टर आणला. बसवायला वेळ लागला नाही. छापखान्यात शाईच्या नळ्या बदलतो त्यापेक्षा सोपं.

दिवा मात्र तसाच. ॲपमध्ये एक बटण होतं, सगळे कोड पुसण्याचं. ते दाबलं की ॲप विचारतं, नक्की पुसायचे का? पुन्हा दाबावं लागतं. मी दोनदा दाबलं. दिवा गेला. पाहुणा यायचा म्हटलं की ओटा पुसून ठेवायचा, ही माझ्या हाताची सवय. दलाल दुसऱ्या दिवशी येणार होता, मी आदल्या संध्याकाळी कोड पुसले, गाडी धुतली, खालचे मॅटही घासले.

दलाल आला. चाळिशीचा, गळ्यात चष्मा. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारली, दारं उघडून आपटली. मग खिशातून स्वतःचा स्कॅनर काढला, माझ्याच जागी उकिडवा बसला आणि लावला. त्याच्या पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोड कधी पुसलेत मॅडम?"

"कोड नाहीच आहे. बघा ना."

"कोड नाही तेच बघतोय. काहीच नाही. गाडीने स्वतःच्या सगळ्या चाचण्या कोऱ्या दाखवल्यात. धूर शुद्ध करणाऱ्या डब्याची नाही झाली, सेन्सरची नाही झाली, टाकीच्या वाफेची नाही झाली. हे कधी होतं? बॅटरी काढली तर, नाहीतर कुणी पुसलं तर."

"नळी फाटली होती. बदलली. मग पुसलं. यात लपवलं काय?"

"असेल तसं. मी कुठे नाही म्हणतो?" त्याने चष्मा नाकावर ठेवला. "पण गाडी साबणाने धुतलेली चालते मला, डोकं धुतलेलं नाही चालत. चालवा थोडी. तिची तीच परीक्षा देते चालता चालता. सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या की फोन करा, त्याच दिवशी नेतो."

"चालवायची म्हणजे किती?"

"किती नाही, कशी ते महत्त्वाचं. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करायची. मग गावात थांबत थांबत. मग एका वेगात, ब्रेक न मारता, बराच वेळ."

"पुण्यात? ब्रेक न मारता?"

"त्यासाठी सकाळी लवकर उठावं लागतं," तो म्हणाला आणि स्कूटरला किक मारून गेला.

वर बघितलं तर नवरा गॅलरीत उभा. काठी कठड्याला टेकवलेली, डावा हात गजावर. किती वेळ उभे होते माहीत नाही. सगळं ऐकलं असणार, दलालाचा आवाज मोठा होता. वर गेल्यावर मी म्हटलं, "गाडीची परीक्षा घ्यायची आहे. रविवारी बायपासला नेते. येताय?"

"चल," ते म्हणाले. रविवार चार दिवसांवर होता.

पहिल्या रविवारी उजेड होताना निघालो. त्यांना डावीकडच्या सीटवर बसवणं हाच एक कार्यक्रम: आधी कंबर, मग डोकं वाकवायचं, मग डावा पाय, मग उजवा पाय मी हाताने उचलून आत. मोबाइल ठेवायला गाडीत स्टँड नव्हता, म्हणून तो त्यांच्या डाव्या हातात दिला. "काटे बघत बसा. पाणी तापलं की सांगा," मी म्हटलं. सांगणार कसे, हे डोक्यात आलं नाही.

पहिल्याच सिग्नलला "अगं."

माझा पाय क्लचवर होता. काढला.

बायपासवर ट्रक होते, पण रस्ता वाहता होता. मी डावीकडून दुसरी लेन धरली आणि वेग स्थिर ठेवायचा प्रयत्न केला. चढ आला की गाडी मंदावते, उतारावर पळते, मध्येच एखादा डंपर इंडिकेटर न देता आत घुसतो. चाचणी सुरू व्हायची आणि मोडायची. ते मोबाइलकडे बघायचे, मग रस्त्याकडे. सूसच्या पुलाच्या अलीकडे त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने हवेत हळूच खाली दाबल्यासारखं केलं. मी ॲक्सिलरेटर थोडा सोडला. पुढे उतार होता, वेग वाढला नाही. उताराच्या तळाशी त्यांनी तळवा वर केला. मी पाय थोडा दाबला. वेगाचा काटा जागचा हलला नाही. इतकी वर्षं रोज जाऊन-येऊन हा रस्ता त्यांच्या अंगात उतरला होता, आणि अंगाचा तो भाग शाबूत होता.

हिंजवडी रविवारी सकाळी ओळखू येत नाही. काचेच्या इमारती, वर मेट्रोचे खांब आणि रस्ते मोकळे. त्यांच्या कंपनीच्या फाटकासमोरून गेलो. रखवालदार नवा होता, त्याने बघितलंही नाही. त्यांनी बघितलं. पुढे एका झाडाखाली पोह्यांची गाडी लागते, तिथे थांबलो. गाडीत बसूनच खाल्ले. त्यांना डाव्या हाताने चमचा जमतो, पण शेव सांडते. सांडू दिली. चार-पाच दिवसांपूर्वीच तर मॅट घासले होते, हे आठवलं, एवढंच.

ॲप उघडून बघितलं. काही चाचण्या हिरव्या झाल्या होत्या, काही तशाच.

खाता खाताच मुलीचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "वाव! माणसाला पण असं पोर्ट असायला हवं होतं ना आई. बाबांना प्लग करून बघितलं असतं काय फॉल्ट आहे."

मला ते वाक्य आवडलं नाही. फॉल्ट काय आहे ते डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच फिल्म उजेडाला धरून दाखवलं होतं. कोड सापडला म्हणजे नळी मिळतेच असं नाही. मी म्हटलं, "पोहे गार होतायत."

दुसऱ्या रविवारी टाकीच्या वाफेची चाचणी अडली. लांब जायचं म्हणून मी आदल्या दिवशी टाकी गच्च भरून ठेवली होती. भरलेल्या टाकीवर ती चाचणी होत नाही, रिकाम्यावरही नाही, अर्धी लागते. हे मला परत आल्यावर कळलं. लांब निघताना टाकी आणि डबा भरून घ्यायचा, हे आईने शिकवलेलं. गाडीला ते चालत नाही.

मग तिसऱ्या रविवारी, अर्ध्या टाकीवर. त्या दिवशी सगळं जुळलं. सिग्नल मिळत गेले, ट्रक आपापल्या लेनमध्ये राहिले. ते हात खाली-वर करत होते आणि मी पायाने ऐकत होते. 'अगं' फक्त एकदा आलं, वाकडच्या वळणाला, आणि ते रास्त होतं. पोह्यांच्या गाडीपाशी थांबलो तेव्हा ॲपवर एकच चाचणी बाकी होती, आणि तीही परतीच्या वाटेत होईल अशी चिन्हं होती.

"झालंच," मी म्हटलं. "परत जाताना ही एक झाली की संपलं. उद्या दलालाला फोन करते."

मी पोहे आणायला उतरले. दोन प्लेट घेऊन वळले तर काचेतून ते दिसत होते. मोबाइल मांडीवर, डाव्या हाताचा अंगठा पडद्यावर. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघत असतानाच अंगठा दाबला. मग खाली बघून, नीट जागा शोधून, पुन्हा दाबला.

मी दार उघडलं, प्लेट डॅशबोर्डवर ठेवल्या आणि मोबाइल घेतला. कोड पुसले गेले होते. कोड नव्हताच पुसायला, पण चाचण्या होत्या. सगळ्या कोऱ्या. तीन रविवार गेले.

चुकून झालं असं म्हणायला जागा नव्हती. ते बटण दोनदा विचारतं.

मी स्टिअरिंगमागे बसले. त्यांच्या हातात प्लेट दिली, माझी घेतली. दोन घास खाल्ले. कधीतरी सांगायचंच होतं, तर आत्ताच, म्हणून सांगितलं.

"हे बघा. तुम्ही आता गाडी चालवणार नाही. डॉक्टर म्हणाले नाहीत, मी म्हणतेय. उजवा पाय ब्रेकवर वेळेत जाणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षीही नाही. पाहुणे म्हणतात ते खोटं आहे. म्हणून गाडी विकतेय. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर हे सांगावं लागलं असतं."

बोलून झाल्यावर वाटलं, आता काहीतरी वाटेल. वाटलं नाही. बाहेर पोहेवाला तेलाचा डबा उघडत होता.

ते बघत होते माझ्याकडे. चेहऱ्याची उजवी बाजू फारशी हलत नाही, त्यामुळे ते नेहमी अर्धे गंभीर दिसतात. त्यांनी प्लेट मांडीवर ठेवली. डावा हात लांब करून स्टिअरिंगला बोट लावलं आणि मान हलवली, नाही म्हणून. अगदी सहज, भाजीवाल्याला कोथिंबीर नको सांगावं तशी. पुन्हा एकदा. स्टिअरिंग, नाही.

"माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी एवढा सुस्कारा टाकला की समोरच्या काचेवर वाफ धरली. मग ती शिवी दिली, चांदणी चौकातली. कुणाला ते कळलं नाही, बहुतेक मलाच. म्हणजे इतके महिने हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्ही सगळे त्यांच्यापासून लपवत बसलो होतो.

"मग पुसलंत कशाला?"

त्यांनी बोट आधी स्वतःच्या सीटवर आपटलं. मग माझ्याकडे केलं. मग समोर, रस्त्याकडे.

"चल," ते म्हणाले.

झटक्यानंतर ते घराबाहेर पडले होते ते फक्त हॉस्पिटलला आणि व्यायामाला. रिक्षात वाकवून कोंबलेले, समोर रिक्षावाल्याची पाठ. आणि या तीन रविवारी पुढच्या सीटवर, समोर सगळा रस्ता, हातात काटे, शेजारी हुकूम ऐकणारी बायको.

"म्हणजे विकायची नाही."

"नको."

"चालवायची मी."

"चल," ते म्हणाले, पण पूर्वी मला गाडीची चावी देताना जशी नाखुशी असायची, अगदी तेवढ्याच नाखुशीने.

"बरं," मी म्हटलं. "पण बॅटरी, विमा, पार्किंग हे सगळं मी बघणार असेन तर त्या 'अगं'ला मर्यादा पाहिजे. सिग्नलला एकदा. त्याहून जास्त नाही."

ते पोहे खायला लागले.

सोमवारी छापखान्यातून दलालाला फोन केला. मागे यंत्र सुरू होतं, त्यामुळे ओरडून बोलावं लागलं.

"झाल्या का चाचण्या?" त्याने विचारलं.

"नाही. विकायची नाही गाडी."

"का हो? दुसरा कुणी भेटला का?"

"नाही. घरात लागते."

"इतके दिवस लागत नव्हती ती?"

"नव्हती. आता लागते."

"साहेब चालवायला लागले का पुन्हा? मी बघितलं त्यांना गॅलरीत. उत्तम आहे, उत्तम आहे."

"ते चालवणार नाहीत," मी म्हटलं. हे वाक्य दुसऱ्यांदा बोलताना पहिल्यापेक्षा सोपं गेलं. "मी चालवते."

"मग तर लवकरच येईल विकायला," तो म्हणाला. "नंबर ठेवा माझा."

ठेवलाय.

मुलीला रात्री सगळं सांगितलं. ती फोनवर रडली. मग म्हणाली, "आणि तू? तुला कसं वाटतंय आई?" मी विचार करून बघितलं, खरंच केला. सांगण्यासारखं काही सापडलं नाही. म्हटलं, "त्या पोह्यांना आपल्याकडच्यापेक्षा लिंबू जास्त असतं."

स्कॅनर काढून ठेवायला शनिवारी मी खाली गेले. आता त्याची गरज उरली नव्हती. दिवा लागलेला नाही, गाडी कुणाला दाखवायची नाही, चाचण्या हिरव्या झाल्या काय आणि कोऱ्या राहिल्या काय. डबीला हात घातला तेवढ्यात वरून आवाज आला, "अगं!"

गॅलरीत उभे होते. काठी कठड्याला, डावा हात हवेत, आडवा हलवत. नको.

"बरं बरं," मी खालून म्हटलं, आणि डबी तशीच राहू दिली. मग पेट्रोलचा काटा बघितला. टाकी भरायला झाली होती. पंपावर नेली आणि अर्धीच भरून आणली.